द्वारपालाची ओटी

"मी तुमची मुलगी नसते ना, तर मी तुम्हाला आवडले असते का?"

प्रश्न विचारून झाला आणि सुरुचीला वाटलं, गाडीतला एसी एकदम मोठा झाला. खरं तर तो होता तेवढाच होता. बाबाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आईचा एक हात पायाशी ठेवलेल्या पिशवीत चिवड्याचा डबा चाचपत होता, आणि मागच्या सीटवर अगदी मधोमध बसून, पुढच्या दोन सीटांच्या फटीत मुंडकं खुपसून सुरुची उत्तराची वाट बघत होती. एक्स्प्रेस-वेच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडला होता. "टोल आला," बाबा म्हणाला. "राधा, फास्टॅगला बॅलन्स आहे ना गं?" "कालच भरलाय," आई म्हणाली, आणि मग मान न वळवता, "सुरुची, तू सकाळी दूध न घेताच निघालीस ना?" एवढंच. पुढे टोलनाक्याचा दांडा वर गेला, गाडी सुटली, आणि त्या शांततेत मागे डिकीत नारळ गडगडला. आधी डावीकडे गेला, स्टेपनीला ठोकला, मग सावकाश उजवीकडे आला. जणू तोच प्रश्नावर विचार करत होता. गाडीत दुसरं कुणी करत असल्याचं दिसत नव्हतं.

तसा प्रश्न तिचा नव्हताच. म्हणजे शब्द पूर्वी नावाच्या तिच्या मैत्रिणीचे होते. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर सगळी टोळी मोमोवाल्याच्या गाडीशी उभी होती, तेव्हा पूर्वीने फर्मान काढलं होतं की प्रत्येकाने घरी जाऊन एक असा प्रश्न विचारायचा, जो आजवर घरात कुणीच विचारलेला नाही. सिद्धांतच्या वाट्याला आलं होतं आजीला विचारणं, की तुला आजोबांशी लग्न करायचं होतं का. तो बहाद्दर त्याच संध्याकाळी विचारून मोकळा झाला, आणि आजीने म्हणे 'हट बदमाश' म्हणून त्याला चप्पल मारली, पण रात्रभर जुने फोटो काढून बसली. सुरुचीच्या वेळी पूर्वीने तिला नीट न्याहाळलं होतं. पूर्वीला माणसं अशी न्याहाळायची वाईट सवय आहे, एक डोळा किंचित बारीक करून, शिंपी कापड बघतो तसं. "तू पूछ," ती म्हणाली, "अगर मैं आपकी बेटी न होती, तो क्या आपको अच्छी लगती?" सगळे ओरडले, "अरे यार, ये तो खतरनाक है!" सुरुचीही ओरडली, सगळ्यांत मोठ्याने. पण हा प्रश्न तिने स्वतःलाच, मराठीत, आदल्या आठवड्यात विचारला होता आणि कुणालाही सांगितला नव्हता.

आदल्या आठवड्यात झालं होतं ते असं. ती पाणी प्यायला उठली होती. बाल्कनीत आई पुण्याच्या वासंतीआत्याशी फोनवर बोलत होती. तिथे वाळत घातलेल्या चादरीमुळे आईला ती दिसली नाही, पण आईचं वाक्य मात्र चादरीतून सरळ आलं: "अलीकडे ओळखूच येत नाही गं ती. नाही, नाही, तुझ्याकडेच बरी. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." पेला तोंडाशी तसाच राहिला. अकरावी-बारावीला पुण्याला पाठवायचं चाललंय हे तिला माहीत होतं. आत्याच्या घरी एक खोली रिकामी आहे, कॉलेज पायी जाण्यासारखं आहे, इथपर्यंत सगळं जेवणाच्या टेबलावर झालं होतं. पण 'ओळखूच येत नाही' हे टेबलावर आलेलं नव्हतं. म्हणजे पुणं हे दुरुस्तीचं दुकान होतं तर. मिक्सर बिघडला की देतात तशी मुलगी द्यायची, आत्या ती नीट करून दोन वर्षांनी परत करणार, आवाज कमी, भांडं घट्ट.

आणि बिघाड कधी झाला तेही सुरुचीला पक्कं ठाऊक होतं. डिसेंबरपर्यंत ती ठीक चालत होती. डिसेंबरपर्यंत ती आईच्या ओढणीमागे उभी राहणारी, कुणी नाव विचारलं तर आईकडे बघणारी मुलगी होती, आणि नॉयडातल्या मराठी मंडळातल्या सगळ्या काकू 'काय गुणाची आहे हो' म्हणायच्या. मग मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदन करणाऱ्या काकांची गाडी धुक्यात अडकली, कुणीतरी कागद तिच्या हातात कोंबला आणि तिला पडद्याबाहेर ढकललं. माईकमधून स्वतःचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि तिला वाटलं, अरे, ही कोण? बरी बोलतेय की. कागद तिने तिथेच खाली ठेवला. त्यानंतर ती थांबलीच नाही. रिक्षावाल्याशी बोलते, लिफ्टमध्ये बोलते, घरात पाहुणे आले की पाहुण्यांच्या आधी बोलते, हसते तर खालच्या मजल्यावरचे वर बघतात. मोठ्या आवाजात हिंदीत भांडते आणि वाक्य संपवताना 'बिल्कुल' म्हणून हात आपटते. तिला स्वतःला ही नवी मुलगी इतकी आवडली होती की कधीकधी आरशात बघून ती तिला डोळा मारायची. फक्त घरच्यांना विचारायचं राहिलं होतं. त्यांनी जी मुलगी मागवली होती ती ही नव्हतीच, नाही का? पार्सल बदलून आलं होतं, आणि सभ्य माणसं असल्यामुळे ते काही बोलत नव्हते.

टीकरघाट हे गाव यमुनेच्या काठी आहे आणि तिथे कुणीही जात नाही, असं बाबा गेला महिनाभर कौतुकाने सांगत होता. हजारेक वर्षांपूर्वीच्या देवळांचे अवशेष, गर्दी नाही, तिकीट नाही. बाबा ऑफिसात दिवसभर क्लाउड की काय ते सांभाळतो, आणि सुट्टीच्या दिवशी दगड बघतो. त्यातही त्याचा एक ठरलेला रोग आहे. दर संक्रांतीला मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं, तिथे डोळे पुसायचे, आणि मग उरलेलं वर्षभर उत्तरेतल्या प्रत्येक पडक्या भिंतीत मराठे शोधायचे. विहीर दिसली की मराठ्यांची, कमान दिसली की मराठ्यांची. एकदा त्याने सोनीपतजवळच्या एका ढाब्याच्या मागच्या भिंतीचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते, आणि ती भिंत ढाबेवाल्याच्या वडिलांनी बांधलेली निघाली. आईचा रोग वेगळा. कुलदेवी तिकडे कोल्हापूरला, वर्षानुवर्षं जाणं होत नाही, म्हणून तिने देवीशीच परस्पर तडजोड केली आहे: जिथे देवी भेटेल तिथे तिची ओटी भरायची, हिशोब वर जुळवून घेतील. त्यासाठी डिकीत जॅक आणि पान्यांच्या शेजारी एक पिशवी कायमची असते. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाची डबी, आणि तो पोपटी ब्लाउजपीस. त्या ब्लाउजपीसचं तर चरित्र लिहिता येईल. मंडळातल्या बायका एकमेकींना हळदीकुंकवाला जे ब्लाउजपीस देतात ते कुणीही शिवत नाही, ते फिरतात. हा पोपटी, एका कोपऱ्यात शाईचा ठिपका असलेला, आईने एकदा दिला, गाझियाबादमार्गे गुडगावला गेला, आणि पुढच्या चैत्रात दुसऱ्याच बाईच्या हातून आईच्या ओटीत परत आला. आईने ठिपका ओळखला आणि तोंडावरची सुरकुतीही न हलवता म्हणाली, "अय्या, किती छान रंग!" हे आठवून सुरुचीला आत्ताही हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. प्रश्न विचारणाऱ्या माणसाने असं अधेमधे हसायचं नसतं.

गाव आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि एवढी शांतता कानात शिरली की सुरुचीला कान बंद झाल्यासारखं वाटलं, विमानात होतात तसे. एक कुत्रं उठलं, त्यांच्याकडे बघून परत झोपलं. आणि खाली नदी होती. यमुना तिने आजवर फक्त नाक दाबून बघितली होती, कालिंदी कुंजच्या पुलावरून, पांढऱ्या फेसाचे डोंगर अंगावर घेऊन जाणारी. ही कुणी दुसरीच होती. रुंद, मातकट, आळसावलेली, वास म्हणाल तर ओल्या वाळूचा. दिल्लीत हिला काय झालं होतं कोण जाणे, किंवा दिल्ली सोडल्यावर हिला कुणी काही म्हणालंच नसेल. "हीच ती?" तिने विचारलं. "हीच," बाबा म्हणाला, "ओळखू येत नाही ना?" सुरुचीने झटकन त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पण तो खरोखर नदीबद्दलच बोलत होता, आणि लगेच घाटाच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या पायऱ्या बघ. ही मराठा पद्धत आहे." "जयंत," आई म्हणाली, "पायऱ्या सगळ्यांच्या सारख्याच असतात."

अवशेष म्हणजे एक तारेचं कुंपण, त्यात वाढलेलं गवत, आणि गवतात रांगेने मांडून ठेवलेले दगड. खांबांचे तुकडे, कळसाचे तुकडे, एक नुसताच सुबक पाय. पहारेकरी निंबाखाली खुर्ची टाकून मोबाइलवर भजन ऐकत होता. सुरुचीला वाटलं होतं देवळं असतील. ही तर देवळं सुटी करून ठेवली होती, परत जोडायची कशी ते कुणाच्या लक्षात नसावं. ती एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत निघाली, मोठ्याने बोलत, कारण इथे आवाज किती लांब जातो ते तिला बघायचं होतं, आणि मग अर्ध्यातच गप्प झाली. आपण पुन्हा मोठ्याने बोलतोय. हे असं स्वतःकडे बाहेरून बघणं सकाळपासून चाललं होतं. आधी कुठे असं व्हायचं? आधी आतून बघण्यासारखंही फारसं काही नव्हतं. कुंपणाच्या टोकाला, एका उरल्यासुरल्या चौकटीशेजारी, अजून जागच्या जागी उभी असलेली एक मूर्ती होती. कमरेला नाजूक बाक, गळ्यात हार, कानात मोठी कुंडलं, केसांचा उंच अंबाडा, आणि चेहरा पावसाने खाऊन गुळगुळीत केलेला. आई तिच्यापुढे थांबली, आणि तिच्या खांद्यांवरून सुरुचीला कळलं, की झालं. आईने न वळताच हात मागे केला. "सुरुची, डिकीतली पिशवी आण."

पहारेकऱ्याने मान वर केली आणि परत खाली घातली. आईने पदर नसल्यामुळे ओढणी डोक्यावरून घेतली, मूर्तीचे पाय बाटलीतल्या पाण्याने धुतले, पोपटी ब्लाउजपीस कमरेच्या खाचेत खोचला, त्यात तांदळाची ओंजळ घातली, हळकुंड, सुपारी, वर नारळ, जो सकाळपासून एवढा प्रवास करून आला होता. हे सगळं ती इतकं मन लावून करत होती की सुरुचीला तिथून नजर काढता येईना. आई ऑफिसला जाते, मीटिंगमध्ये बॉसला खोडून काढते, भाजीवाल्याला रडवते. पण ओटी भरताना तिचा चेहरा शाळकरी मुलीसारखा होतो, जीभ किंचित बाहेर. मग तिने हळदीचं बोट कपाळाला लावलं, कुंकवाचं लावलं, आणि कुंकू जरा ओघळलं म्हणून अंगठ्याने पुसायला गेली. अंगठा नाकाखाली आला आणि थांबला. परत एकदा फिरला. हळद दगडाच्या खाचेत बसली, आणि पावसाने पुसून टाकलेलं जे काही होतं ते पिवळं होऊन वर आलं. दोन्ही बाजूंना छान पीळ दिलेलं.

"आई! मूंछ!" सुरुची किंचाळली. मराठी शब्द त्या क्षणी सापडलाच नाही. "आई, याला मूंछ आहे!"

बाबा धावत आला. गवतात पडलेली निळी पाटी त्याने उचलून, पुसून वाचली. "द्वारपाल," तो हळूच म्हणाला. "दाराशी उभा असतो तो. राधा, तू वॉचमनची ओटी भरलीस." आणि मग त्याला हसू आवरेना. तो वाकला, गुडघे धरले, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुरुचीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, कारण आता आईचं तोंड कसं होईल ते तिला माहीत होतं; ते खालून वरून सारखं मिटेल, मग परत जाईपर्यंत उघडणार नाही. आता आई नारळ काढून घेईल. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं सामान परत घ्यायचं असतं. देवी समजून केलं होतं, देवी नव्हे म्हटल्यावर राहिलं काय? सुरुचीला अचानक त्या मिशीवाल्याची इतकी दया आली, की तिने तोंडावरचे हात काढले. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

आईने नारळाला हात लावला खरा. पण तो तिने नीट बसवला, घरंगळू नये म्हणून. "असू दे," ती म्हणाली. "भरली ती भरली. हजार वर्षं दारात उभा आहे बिचारा, कुणी कधी बस म्हणालं असेल का त्याला? आत जाणारे सगळे हात जोडत आत गेले असतील. ह्याच्याकडे कोण बघतंय!" मग तिने दोन पावलं मागे सरून, मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं, आणि एकदम खो खो हसली. एवढ्या मोठ्याने, की निंबावरचे पोपट उडाले आणि पहारेकऱ्याने भजन बंद केलं. "पण काय दिसतोय रे जयंत! पोपटी रंग काय खुललाय त्याला!" त्या हसण्याने सुरुची दचकली. ते तिचं हसणं होतं. खालच्या मजल्यावरच्यांना वर बघायला लावणारं, तेच. इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं हिने? की ते इथेच होतं आणि आपण ओढणीमागे असल्यामुळे ऐकू आलं नव्हतं?

घाटाच्या सर्वांत खालच्या पायरीवर, सावलीत, ते तिखटमिठाच्या पुऱ्या खायला बसले. पाणी पायरीला लागून न बोलता जात होतं. बाबाने पुरीला लोणचं लावलं, खाल्लं, हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं, आणि म्हणाला, "तुझा सकाळचा प्रश्न." बाबाचं हे असंच असतं. ऑफिसच्या मेलसारखं, उत्तर येतं, पण सगळ्या बाजूंनी विचार करून. "तू माझी मुलगी नसतीस," तो म्हणाला, "तर मला तुझी भीती वाटली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉलेजात तुझ्यासारख्या मुली असायच्या ना, जोरात हसणाऱ्या, कुणालाही काहीही विचारणाऱ्या, त्यांना बघून मी जिना बदलायचो. फार भीती वाटायची. मग त्यांतल्याच एकीशी लग्न केलं."

"खोटं," आई म्हणाली. "मीच केलं. हा तर जिना उतरत होता."

"आणि तुला, आई?" सुरुचीने विचारलं. आवाज जेवढा काढायचा होता त्यापेक्षा फारच बारीक निघाला, डिसेंबरच्या आधीचा. "तू वासंतीआत्याला म्हणालीस. ओळखूच येत नाही. म्हणून पाठवताय ना मला? नीट व्हायला?"

आईने पुरी खाली ठेवली. सुरुचीला वाटलं, आता दूध, आता फास्टॅग, आता काहीतरी. "बावळट," आई म्हणाली. "नीट व्हायला? अगं, मी तुझ्या वयाची होते तेव्हा लूनावरून सगळं पुणं पालथं घालायचे. रात्रीचं नाटक सुटलं की एकटी घरी यायचे. आणि तू? कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीस तरी मी बाल्कनीत उभी. ट्यूशनला सोडायला बाबा, आणायला मी. आधी तू गप्प होतीस तेव्हा एवढं वाटायचं नाही. आता तू ही अशी झालीस, कानात वारं शिरल्यासारखी, आणि ह्या शहरात तुला ठेवायची कुठे? डब्यात? म्हणून म्हटलं, तिकडे जा. स्कूटी घे. हिंड. मी घाबरत नाही अशा ठिकाणी हिंड." आणि लगेच डबा पुढे सरकवत ती म्हणाली, "पुऱ्या संपवा, परत न्यायच्या नाहीत."

सुरुचीच्या डोक्यात सगळं एकमेकांवर आदळत होतं: लूनावरची आई, तिचे उडणारे केस, जिना बदलणारा बाबा, चादरीआडून आलेलं ते वाक्य, जे इतके दिवस तिने उलटं धरून वाचलं होतं. दुरुस्तीचं दुकान नव्हतंच. आई तिला लपवायला नाही, सोडायला पाठवत होती. आणि गंमत म्हणजे, हे कळल्यावर पुण्याला जायला काहीच हरकत उरली नव्हती, तरीसुद्धा मन ठामपणे नाही, नाही म्हणत होतं. म्हणजे काय, की मोकळं हिंडायचं असेल तर गाव बदलायचं? आणि ज्या गावात ती जन्मली, ते काय पहारेकऱ्यांना देऊन टाकायचं? आई बाल्कनीत उभी, बाबा ट्यूशनच्या दाराशी उभा. दोघे द्वारपाल. त्यांनाही कुणी बस म्हणालं नव्हतं.

ते गाडीत बसले. बाबाने रिव्हर्स घेतला, तेवढ्यात पहारेकरी हात हलवत पळत आला. "मैडम, मैडम! आपका कपड़ा रह गया!" आणि त्याने खिडकीतून पोपटी ब्लाउजपीस आत दिला, घडी घातलेला, आत तांदूळ, हळकुंड, सुपारी. मूर्तीवर काही ठेवायला मनाई आहे, तो म्हणाला, साहेब येतात, बघतात. नारळ मात्र त्याने ठेवून घेतला होता. प्रसाद म्हणून, बच्चों के लिए. आईने घडीकडे पाहिलं. कोपऱ्यात शाईचा ठिपका. "हा मेला माझा पिच्छा सोडत नाही," ती म्हणाली, आणि मागे वळून, सीटवरून वाकून, तो सगळा ऐवज सुरुचीच्या मांडीवर ठेवला. मग डबीतलं कुंकू बोटावर घेऊन तिच्या कपाळाला लावलं, थोडं वाकडंच, कारण तेवढ्यात गाडी निघून खड्ड्यात गेली. "घे. तुझीच भरते. उत्तर पाहिजे होतं ना तुला." आणि लगेच, "पण शिवायला टाकू नकोस हां, पुढच्या महिन्यात देशमुख काकूंकडे हळदीकुंकू आहे."

मांडीवर तांदूळ पसरले. काही सीटच्या फटीत गेले. उजवीकडे नदी अजून थोडा वेळ बरोबर येत होती, सावकाश, दिल्लीहून आलेली, आणि तरी तोंड वर करून चाललेली. फोनला रेंज आली आणि पूर्वीकडून एकामागून एक मेसेज वाजायला लागले, 'पूछा? पूछा क्या? बता ना यार.' सुरुचीने फोन उलटा ठेवला, ओटी दोन्ही हातांनी गोळा करून धरली, आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीत मुंडकं घातलं.

"बाबा, गाडी बाजूला घे. मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली, अगदी माईकवरच्या आवाजात. "मी पुण्याला जाणार नाहीये. आई, तू जे तिकडे केलंस ना, ते मी इथेच करणार. मेट्रोने, एकटी. सोमवारपासून सुरुवात. तू बाल्कनीत उभी राहायचं नाहीस, आत बसायचंस, आणि बाबा, तूसुद्धा. घाबरलात तर फोन करा, मी उचलेन. बिल्कुल. आणि आत्ता घरापर्यंत पुढे मी बसणार. चल आई, तू मागे ये."